कथेच्या दुरुस्तीसाठी कार्डं : आठ महिने वापरल्यानंतर

सोलापूरच्या नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानातून पाच बाय तीन इंची कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणला, त्याला आठ महिने झाले. पद्धत साधी आहे. कथेतल्या प्रत्येक प्रसंगाला एक कार्ड आणि त्यावर तीनच ओळी: पात्राला इथे काय हवंय, आड काय येतंय, प्रसंग संपताना काय बदललं.

माझी बिडीकामगार बाईची कथा दोन वर्षं अडून होती. हजार बिड्यांमागच्या मजुरीतून नरसम्मा मुलीच्या फीसाठी पैसे साठवते, एवढंच पक्कं होतं. चौदा कार्डं फरशीवर मांडली आणि दोन-दोन कार्डांमध्ये जोडशब्द लिहीत गेले. नऊ ठिकाणी ‘मग’ आला. मग ती पानं भिजवते, मग कारखान्यात जाते, मग गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला जाते. जिथे ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसत नाही तिथे कथा सरकत नाही, नुसते दिवस सरतात.

सगळ्यात जीव अडकला होता तो गड्ड्याच्या प्रसंगात. संक्रांतीची मिरवणूक, सात नंदीध्वज (सिद्धेश्वराच्या मानाच्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, असं दीड पान. तिसरी ओळ मात्र कोरी. काढून टाकवेना. चार दिवसांनी पहिल्या ओळीकडे वळले: तिला तिथे हवंय काय? उचल, मजुरीवरची आगाऊ रक्कम! मुनीम चारचौघांत नाही म्हणणार नाही, म्हणून ती जाते. पण तो मुलीसमोरच जुन्या उचलीचा विषय काढतो आणि फीचे पैसे कुठून येतात ते मुलीला कळतं. वर्णन सहा ओळींवर आलं. नंदीध्वज राहिले, कारण मुनीम बोलत असताना नरसम्मा मान वर करून त्यांच्याकडेच बघत राहते.

मोठी तक्रार एक. कथा लिहिण्याआधीच कार्डं केली तर ती मरते. मी एकदा तसं केलं. प्रत्येक प्रसंग जागेवर बसला, पण एकही पात्र मला चकवेना. आधी कच्चा खर्डा, मगच कार्डं.

संवादांनाही कार्डांचा उपयोग नाही. शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू वळणाचं मराठी मी शेजारच्या काकूंना मोठ्यानं वाचून दाखवते. त्या जिथे “आं?” करतात तिथे खूण.

रंगीत कार्डं घेऊ नका, रंग ठरवण्यातच संध्याकाळ जाते. साधी घ्या, आणि तिसरी ओळ पेन्सिलनं लिहा. नरसम्माच्या शेवटच्या कार्डावरची मी आतापर्यंत दोनदा खोडली आहे.