जळगावातल्या मेहरूणची महिला व्यायामशाळा: वय ५४, आठ महिन्यांनंतर

गुडघे जिना चढू देईनात म्हणून भाद्रपदात नाव घातलं. तेव्हा वजन ७८ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० च्या आत हवी, असं डॉक्टर सांगतात.

इथल्या ताईंनी पहिले पंधरा दिवस यंत्राला हात लावू दिला नाही. लाकडी स्टुलावरून हात न टेकता उठायचं, बसायचं, दहा वेळा. मग छातीशी दोन किलोचं डंबेल धरून तेच. चाळिशीनंतर स्नायू झिजत जातात, नुसतं चालून भागत नाही, हे त्यांनी नीट समजावलं. जेवणाचंही विचारलं. "कळण्याची भाकरी सोडू नका मावशी, ज्वारीसोबत उडीद पोटात जातात. शेवभाजीची तर्री तेवढी कमी करा." प्रोटीन पावडरचा डबा गळ्यात मारला नाही, याचं फार कौतुक वाटतं. आधी एका ठिकाणी मला चार हजारांचा घ्यायला लावला होता.

उणं एकच. वैशाखात पत्रा तापतो, एका कूलरने काही होत नाही. सकाळी सहाचीच बॅच घ्या. फी महिना ७०० रुपये.

आज वजन ७१, कंबर ८८. परवा लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर न थांबता गेले, हातात पाच किलो कळण्याचं पीठ होतं.