४ जीबी सांगून १ जीबी गळ्यात मारली: आर्केड कॅबिनेटसाठी बॉक्स घेताना झालेली फसवणूक

घरी आर्केड कॅबिनेट (जुने व्हिडिओ गेम खेळायची स्क्रीन-बटणांची पेटी) बनवताय आणि आत स्वस्तातला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स बसवायचा विचार चाललाय? मग ऑर्डर देण्याआधी हे वाचा. मला याच वस्तूत फसवलं गेलं, आणि ही लबाडी अजून सर्रास चालू आहे.

कॅबिनेटला कमी विजेचं हार्डवेअर का लागतं, हे बनवणाऱ्यांना सांगायला नको. बंद प्लायवूडची पेटी, त्यात मॉनिटरची उष्णता, वर पंख्याची घरघर नको. पाच-सात वॅटमध्ये काम भागत असेल तर जुना डेस्कटॉप आत कोंबण्यात अर्थ नाही. म्हणून रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डवरचा छोटा संगणक किंवा त्याच ताकदीचा बॉक्स शोधला जातो. मला विकलेल्या बॉक्सच्या जाहिरातीत ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि ‘सर्व आर्केड गेम फुल स्पीड’ असं ठळक लिहिलं होतं. बॉक्स चालू केल्यावर सेटिंग्जमध्येही अगदी तेच आकडे.

खरी मेख इथेच आहे. सेटिंग्जमधला आकडा दाखवतं फर्मवेअर, म्हणजे बॉक्समधलं मूळ सॉफ्टवेअर, आणि ते विकणाऱ्यानेच भरलेलं असतं. त्यात ४ लिहिलं की ४ दिसतं. माहिती दाखवणारी बरीच अॅप्सही तिथूनच आकडा उचलतात, त्यामुळे त्यांचाही दाखला कामाचा नाही.

शिवाय जुने गेम कशावरही पळतात, त्यामुळे लगेच संशय येत नाही. १९९१च्या स्ट्रीट फायटर २ च्या मूळ बोर्डवर १० मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर होता. अशा गेमला १ जीबी रॅम पुरून उरते. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्यांच्या व्हिडिओत नेमके असलेच गेम दिसतात. ड्रीमकास्ट किंवा निन्टेंडो ६४ या गेम कन्सोलचे जड गेम लावून दाखवायला सांगा, उत्तर येत नाही.

माझ्या बॉक्सचं पितळ उघडं पडलं ते स्टोरेजमुळे. गेम कॉपी करताना कुठेही एरर आली नाही, यादीत सगळी नावं हजर. पण आधी नीट चालणारे गेम उघडेनात. झिप फाईल खराब आहे, असं इम्युलेटर (जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम) सांगायला लागला. तीच फाईल पुन्हा टाकली की चालायची आणि दुसरीच एखादी बिघडायची. खोट्या क्षमतेच्या स्टोरेजमध्ये असंच होतं. खरी जागा संपली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा सरळ हरवतो, आणि वर सगळं आलबेल असल्याचं दाखवलं जातं.

मग मेमरी कार्डवर स्वतः डाउनलोड केलेलं लिनक्स (वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं आणि बॉक्स त्यावरून सुरू केला. लिनक्सच्या ‘फ्री’ या मेमरी मोजणाऱ्या कमांडने रॅम दाखवली १ जीबीपेक्षाही थोडी कमी. आतलं स्टोरेज निघालं ७.३ जीबी, म्हणजे ८ जीबीची चिप. प्रोसेसरचा पार्ट नंबर आला ०एक्सडी०३, म्हणजे कॉर्टेक्स ए५३. रास्पबेरी पाय ४ मधल्या जास्त ताकदीच्या कॉर्टेक्स ए७२ चा नंबर ०एक्सडी०८ असतो. तळाच्या रबरी पायांखालचे स्क्रू काढून बोर्ड बाहेर घेतला. रॅमच्या चार चिप्स होत्या. त्यांच्यावरचे नंबर बनवणाऱ्या कंपनीच्या डेटाशीटमध्ये (चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकात) शोधले: प्रत्येक चिप २ गिगाबिटची. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे एक चिप २५६ एमबी आणि चार मिळून १ जीबी. या हिशोबाला कुणीच आव्हान देऊ शकत नाही.

मेमरी कार्डांचंही तेच. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही मोफत साधनं कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतात. वेळ खूप लागतो, पण गेम टाकण्याआधी हे कराच. जुने रास्पबेरी पाय बोर्ड घेताना रिव्हिजन कोड बघा, त्यावरून मॉडेल आणि रॅम दोन्ही कळतात. अॅडॅप्टरवर ५ व्होल्ट ३ अँपिअर छापलेलं असलं तरी भार पडल्यावर तेवढं मिळतंच असं नाही, व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की रास्पबेरी पाय स्क्रीनवर विजेचं चिन्ह दाखवतो. आणि असल्या बॉक्सना घरच्या वायफायवर घेऊच नका. त्यांत कारखान्यातूनच मालवेअर येत असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने २०२५ मध्ये दिला आहे.

माझं मत विचाराल तर जुना थिन क्लायंट (ऑफिसात वापरतात तो छोटा, कमी विजेचा संगणक) घ्या. इंटेलच्या सेलेरॉन जे४१०५ प्रोसेसरवाला मिळाला तर उत्तम. त्या प्रोसेसरचं टीडीपी, म्हणजे भाराखाली निघणाऱ्या उष्णतेचं माप, १० वॅट आहे. थोडी वीज जास्त जाईल, पण रॅमची पट्टी हातात घेऊन बघता येते.

आता विक्रेत्याबद्दल. आधी ‘सेटिंग्जमध्ये ४ जीबी दिसतंय ना?’ असं विचारलं. मग फॅक्टरी रीसेट करा, मग व्हिडिओ पाठवा, मग टेक्निकल टीम बघतेय. ही सगळी चालढकल रिटर्नची मुदत संपावी म्हणून असते. ती संपत आली तेव्हा थोडे पैसे परत देतो, बॉक्स तुमच्याकडेच ठेवा, असा निरोप आला. असे पैसे घेऊ नका. घेतले की तक्रार मिटली असं धरलं जाण्याचा धोका असतो. मी मुदतीच्या आत थेट वेबसाइटकडे तक्रार नोंदवली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चिप्सचे जवळून काढलेले फोटो, डेटाशीटचं पान आणि फ्री कमांडचं आउटपुट जोडलं, तेव्हा पूर्ण रक्कम मिळाली. विक्रेत्याने जाहिरात काढली, आणि तोच बॉक्स त्याच ४ जीबी-६४ जीबीच्या आकड्यांसह वेगळ्या नावाने पुन्हा विकायला ठेवला आहे.