तोरणमाळच्या मुक्कामाला ५ किलोची गॅसची टाकी की कॅसेट स्टोव्ह?

डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा करून भाचा गाडीने तोरणमाळला मुक्कामी जाणार आहे. "मामा, यातलं काय घेऊ?" म्हणाला.

कॅसेट स्टोव्ह म्हणजे बाजूला गॅसचा छोटा डबा बसवायची सुटसुटीत शेगडी. वजनात तोच सरस. भरलेली टाकी दहा किलोच्या वर जाते. खर्चाचं मात्र उलटं. २३० ग्रॅमचा डबा संपला की टाकून द्यायचा. टाकीला आधी अनामत लागते, पण पुढे गॅस किलोमागे बराच स्वस्त पडतो.

खरी अडचण थंडीची. डब्यात बहुधा ब्युटेन असतो. शून्य अंशाच्या आसपास त्याचा वायू होईनासा होतो. तोरणमाळ ११०० मीटरच्या वर आहे, पहाटे आच मंदावणारच. टाकीतल्या मिश्रणात प्रोपेनही असल्याने ती बरी पेटते.

आणि भाकरी! कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीला रुंद तवा हवा. कॅसेट स्टोव्हवर तो ठेवू नकोस रे बाबा. उष्णता बाजूच्या डब्यावर उतरते, डबा फुटू शकतो. भरताची वांगी मात्र काट्याकुट्यांच्या जाळावरच भाज.

दोघं जण, एक रात्र, चहा-खिचडी एवढंच असेल तर कॅसेट स्टोव्ह. चार-पाच जण आणि रोज भाकरी असेल तर टाकीच. काहीही घे, बंद गाडीत किंवा तंबूत पेटवू नकोस.