बेबी कॅरिअर बॅगचा रिव्ह्यू, घरी राहणाऱ्या बापाकडून (आपल्या उन्हासकट)

पाचपैकी साडेतीन स्टार. कापलेले दीड स्टार कापडाचे अन् कस्टमर केअरचे, ते पुढं येतंच.

बॅग म्हणजे ती लेकराला छातीशी बांधायची, कमरेला रुंद पट्टा, खांद्याला दोन पट्टे, मागं बकल. ऑनलाइन घेतली, दीड हजाराच्या आतबाहेर पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हीच बॅग, हाच फोटो, चार वेगवेगळ्या नावांनी विकायला दिसते. खोक्यावर एक गोरी बाई हसतेय, आतल्या कागदावर सगळीकडे मदर मदर मदर, बापाचा कुठं पत्ताच नाही. कमरपट्टा मात्र माझ्या पोटावर बसला अन् वर थोडा उरला पण, म्हणजे शिवणाऱ्याला तरी आमची आठवण होती.

मी घरी कसा, हे सगळे विचारतातच म्हणून सांगून टाकतो. बायको उपकेंद्रात नर्स आहे, १८० दिवसांची रजा संपली अन् तिची ड्युटी सुरू झाली, लसीकरण, सर्वे, मीटिंग, रात्री-बेरात्री डिलिव्हरी. मी नागपूरजवळच्या बुटीबोरीला कंत्राटी कामावर होतो, पगार तिच्यापेक्षा कमी अन् अर्धा जीव येण्याजाण्यातच जायचा. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला निदान १५ दिवसांची रजा मिळते, खाजगीत तेवढ्याचाही कायदा नाही अन् कंत्राटी माणसाला कोण विचारतो. मग वावर दुसऱ्याला कसायला ठोक्यानं दिलं अन् पोरीजवळ मी राहिलो. पारावर बसणारे बोलायचं ते बोलले, "काऊन बे, आता बायकोच्या जिवावर का?" वगैरे, त्यात काही नवीन नाही.

आता बॅग. पहिलं बघायचं ते बूड टेकायची जागा किती रुंद आहे. लेकराच्या मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार पाहिजे, गुडघे बुडापेक्षा जरा वर, पाय फाकलेले, समोरून बघितलं तर इंग्रजी एम सारखे. खुब्याच्या सांध्यासाठी हे बरं असतं, अन् आपल्या म्हाताऱ्या कडेवर घेतात तेव्हा पाय आपोआप असेच बसतात, त्यांना कोणी शिकवायला गेलं नव्हतं. पाय नुसते लोंबकळत असतील तर ती बॅग घेऊच नका. खुब्याच्या आजारावर काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिचं म्हणणं की पहिले सहा महिने लेकराचं तोंड आपल्याकडंच पाहिजे. अन् इथं खोक्यावर 'फोर इन वन' लिहून इवलंसं पिल्लू बाहेर तोंड करून लटकवलेलं! दुसरं म्हणजे हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही, श्वास अडकतो, तोंड सतत दिसलं पाहिजे, मान वाकवली की डोक्याची पप्पी घेता यावी इतकं वर बांधायचं. पप्पीचा हा नियम मी मनापासून पाळतो.

खांद्यामागचं छोटं बकल एकट्यानं लागत नाही, हात पोचतच नाही. त्यावर उपाय असा की आधी ढिलं लावून ठेवायचं, बनियान घालतो तसे पट्टे डोक्यावरून घ्यायचे अन् मग काखेजवळ ओढून कसायचे. सोडताना 'खट्ट' असा आवाज होतो की झोपलेली पोरगी हमखास उठते, ज्यानं कोणी हे डिझाइन केलं त्याच्या घरी लेकरू नसावं असा माझा अंदाज.

फायदा खरा संध्याकाळी. दिवे लागायच्या टायमाला ही जी रडायला लागते ती कोणाचं ऐकत नाही, आजीचं पण नाही. मग बॅगमध्ये टाकायची अन् पांदणीनं निघायचं, पऱ्हाटीच्या कडेकडेनं. आधी ती शर्टाची गुंडी तोंडात घेते, मग एक हात माझ्या काखेत खुपसते, मग अंग सैल पडतं अन् वजन एकदम वाढल्यासारखं वाटतं, तेव्हा समजायचं झोपली. याच्यावर संशोधन पण आहे. १९८६ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी काही आयांना सांगितलं की लेकरू रडो न रडो, रोज कमीत कमी ३ तास उचलून घ्या, तर सहा आठवड्यांची ती लेकरं बाकीच्यांपेक्षा ४३ टक्के कमी रडली अन् संध्याकाळी तर ५१ टक्के कमी. २०२२ मध्ये जपानच्या लोकांनी अजून बारीक काढलं, रडणाऱ्या लेकराला घेऊन ५ मिनिटं चालायचं, झोपलं की लगेच खाली ठेवायचं नाही, ५ ते ८ मिनिटं तसंच बसून राहायचं अन् मगच टेकवायचं. हे मी करून बघितलं, बऱ्याचदा जमतं. फक्त दोन्ही ठिकाणी उचलणाऱ्या बायाच. बापाच्या छातीवर रडणं किती टक्के कमी होतं ते कोणी मोजायचं?

पण बापावर काहीच काम झालं नाही असंही नाही. मला सगळ्यात पटलेलं काम २०१४ चं, इस्राएलच्या बार-इलान विद्यापीठातलं. त्यांनी ८९ नव्या आईबापांच्या मेंदूचे स्कॅन काढले, त्यात सगळं स्वतः करणाऱ्या २० आया होत्या, आईला हातभार लावणारे २१ बाप होते अन् दोन पुरुष मिळून लेकरू वाढवतात, घरात आई नाहीच, असे ४८ बाप होते. तर आयांच्या मेंदूत काळजीनं जागं राहणारा जो भाग असतो, अमिग्डाला म्हणतात त्याला, तो या ४८ बापांमध्ये पण आयांसारखाच जोरात निघाला, अन् समोरच्याच्या मनातलं ओळखायचा जो भाग हातभारवाल्या बापांमध्ये चालत होता तो पण यांच्यात सोबतच चालू. अन् बापांमध्ये जो जितका वेळ लेकराजवळ घालवतो तितकी या दोन भागांची जोडणी पक्की. म्हणजे तास भरायचे, बाकी काही नाही. बाईला उपजतच येतं अन् गड्याला जमत नाही, हे म्हणणारे खरं म्हणजे तासांचा हिशोब करत नाहीत.

फिलिपिन्समध्ये सेबू म्हणून एक ठिकाण आहे, तिथं ६२४ पुरुषांवर एक अभ्यास झाला, २०११ ला छापून आला. बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी होतं अन् रोज ३ तासांच्या वर लेकराचं करणाऱ्यांचं अजून कमी. हे पारावर सांगितलेलं नाही अन् तुम्ही पण सांगू नका. त्याच अभ्यासात हे पण आहे की ज्यांचं आधी जास्त होतं त्यांचाच संसार अन् लेकरूबाळ होण्याचा योग जास्त होता, ते तेवढं सांगायला हरकत नाही.

लेकराला काय मिळतं? स्वीडनच्या संशोधकांनी २००८ मध्ये वर्षानुवर्षं चाललेले २४ अभ्यास एकत्र तपासले, त्यातल्या २२ मध्ये बापाच्या सहभागाचा फायदा दिसला, पोरांच्या वागणुकीच्या तक्रारी कमी, पोरींना मोठं झाल्यावर मनाचे त्रास कमी. पण हे बाप घरी बसणारेच होते असं नाही, जवळ असणारे, लक्ष घालणारे. अमेरिकेत येलच्या एका बालमानसोपचारतज्ज्ञानं, काइल प्रुएट त्यांचं नाव, १९८० च्या दशकात बापच मुख्य सांभाळणारा आहे अशी मोजकी घरं बरीच वर्षं बघितली, लेकरं छान वाढलेली निघाली. घरं मोजकीच, त्यामुळं त्यावरून डंका पिटण्यात अर्थ नाही. शिवाय आपल्याकडं मागं आजी असते, काकू असते, शेजारची बाई येता जाता उचलून नेते, त्या लोकांच्या घरात तसं नाही.

आता कापड. आतून पॉलिस्टर, जाळी नावाला. हिवाळ्यात काही वाटत नाही पण आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सकाळी नऊनंतर ही बॅग म्हणजे दोघांनाही शिक्षा. पोरीच्या पोटावर अन् माझ्या छातीवर घामोळ्या एकाच मापाच्या. दुपारी सरळ माजघरात नाटीला आईच्या जुन्या लुगड्याची झोळी, दोरी पायाच्या अंगठ्यात, अन् मी खाली तूर निवडत बसतो. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया धुऱ्यावरच्या बाभळीला अशीच झोळी बांधतात. झोळीला माझे पाचपैकी पाच, फक्त ती घेऊन बाजारात जाता येत नाही.

बाजारात बॅगच. दोन्ही हात मोकळे, एका हातात पिशवी, दुसऱ्यानं पैसे. सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेताना भाजीवाली बाई दर वेळेस विचारते, "माय कुठी गेली रे इची?" मी म्हणतो ड्युटीवर. मग ती पोरीच्या हातात एक गाजर देते अन् माझ्याकडून पूर्ण पैसे घेते. आमच्या गल्लीतली आजी पहिल्या दिवशी बघून म्हणे, "अगं माय, पोट्टीनं त बापालेच जुंपलं!"

अजून एक, वेल्क्रो. पांदणीनं फिरणार असाल तर त्यात कुसळं अन् गोखरू असे अडकतात की सुई घेऊन बसावं लागतं, अन् एखादा राहिला तर तो नेमका लेकराच्या मांडीला टोचतो. रोज हात फिरवून बघा.

कस्टमर केअरचं काय सांगावं. डाव्या पट्ट्याची शिलाई उसवली म्हणून फोन केला तर पलीकडून, "सर, मॅडमला फोन द्या ना, त्यांना प्रॉब्लेम नीट सांगता येईल." मी म्हटलं बॅग मी घालतो. तर म्हणे ओके सर, पण मॅडम कधी अव्हेलेबल असतील? बदली पट्टा काही आला नाही.

लेकरानं मान धरल्याशिवाय बॅगमध्ये घेऊ नका, त्याआधी हातातच बरं. घेताना सुती कापडाची बघा, महाग पडते पण आपल्याकडं तीच चालेल. उसवलेला पट्टा मी शेवटी बाजाराच्या दिवशी चपला शिवणाऱ्या काकांकडून मेणाच्या दोऱ्यानं दुहेरी शिवून घेतला, त्यांनी चाळीस रुपये घेतले अन् दुसरा न उसवलेला पट्टा पण न सांगता शिवून दिला.