हॅरी पॉटर: चित्रपट पाहून झालेत, मग पुस्तकं वाचावीत का?

आठही चित्रपट पाठ झालेल्या माझ्या भाचीनं सुट्टीत विचारलं, "मावशी, गोष्ट माहितीये, शेवट माहितीये. मग सात ठोकळे कशाला वाचू?" प्रश्न रास्त होता. चित्रपटांनी कथा बहुतेक सांगितली आहे, पण काही जागा अशा हुकवल्या आहेत की त्या वाचल्याशिवाय ही मालिका कुणाविषयी आहे तेच नीट कळत नाही. (पुढे शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे. चित्रपट पाहिले नसतील तर इथेच थांबा.)

पहिल्या दोन भागांत फारसा फरक नाही. २००१ आणि २००२ चे हे चित्रपट पुस्तकाचं बोट धरूनच चालतात. पीव्हज हे शाळेतलं खोडकर, उपद्व्यापी भूत तेवढं गायब आहे. रिक मेयॉल या नटाला घेऊन त्याचे प्रसंग चित्रितही झाले होते, पण ते कापले गेले. चुटपुट लागते, कथेचं मात्र अडत नाही.

तिसऱ्या भागापासून अडायला लागतं. २००४ चा हा चित्रपट दिसायला मला आठांतला सगळ्यात देखणा वाटतो. पण शाळेत कोण कुठे आहे ते दाखवणारा तो जादूचा नकाशा बनवला कुणी, हेच त्यात सांगितलेलं नाही. नकाशावरची मूनी, वर्मटेल, पॅडफूट, प्राँग्ज ही नावं म्हणजे लुपिन, पेटिग्रू, सिरियस आणि हॅरीचे वडील जेम्स. मित्र लुपिन पौर्णिमेला लांडगा होतो, त्याला सोबत म्हणून बाकी तिघं चोरून प्राणी व्हायला शिकले. जेम्स काळवीट व्हायचा. आता तळ्याकाठचा प्रसंग आठवा. हॅरीच्या छडीतून निघालेला पॅट्रोनस, म्हणजे रक्षण करणारा जादूचा प्राणी, काळवीटच का, हे पुस्तकात त्या क्षणी उमगतं आणि घसा दाटून येतो. पडद्यावर ते नुसतं सुंदर दृश्य राहतं. लुपिनच्या तोंडी चार वाक्यं घातली असती तरी भागलं असतं.

पाचवं पुस्तक सगळ्यात जाड, ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानांचं. त्यावरचा चित्रपट १३८ मिनिटांचा, म्हणजे लांबीत आठांतला शेवटून दुसरा. कात्री लागणारच, हे मान्य. पण ती हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलवर चालायला नको होती. छळामुळे त्याच्या आईवडिलांचं भान हरपलं. चित्रपटात तो फोटो पाहत हॅरीला त्या छळाविषयी सांगतो. पुस्तकात आपण थेट इस्पितळाच्या त्या वॉर्डात पोचतो. नाताळचे दिवस आहेत, नेव्हिल आजीबरोबर आला आहे. पांढऱ्या केसांची, खंगलेली आई हळूहळू जवळ येते आणि त्याच्या हातात काहीतरी ठेवते. बबलगमचा रिकामा कागद. असे ढीगभर कागद तिनं आजवर दिलेत, टाकून दे कचऱ्यात, असं आजी म्हणते. निघताना हॅरीला दिसतं, नेव्हिलनं तो कागद गुपचूप खिशात सरकवला. बस, एवढंच. पुढे तलवार उपसणारा नेव्हिल मला याच कागदातून कळला. शिवाय खलनायक व्होल्डेमॉर्टला हरवू शकणाऱ्या मुलाविषयीची ती भविष्यवाणी हॅरीऐवजी नेव्हिललाही लागू पडली असती, ही मोठी गोष्ट चित्रपटानं गाळूनच टाकली आहे.

सहाव्यात व्होल्डेमॉर्टचा भूतकाळ आठवणींमधून उलगडतो. त्याचं आजोळ, त्याची दुर्दैवी आई मेरोपी, आत्म्याचे तुकडे ठेवायला त्यानं निवडलेल्या एकेका वस्तूची कहाणी. पडद्यावर अनाथाश्रमाची आणि स्लगहॉर्नची एवढ्याच आठवणी उरल्या. उलट हॅरीचा मित्र रॉन याचं, म्हणजे वीझलींचं, घर जळण्याचा प्रसंग नव्यानं घातला. पुस्तकात तो नाहीच, आणि तो घालून हाती काही लागलं असं मला वाटत नाही.

सगळ्यात मोठी चूक सातव्यात. क्रीचर हा सिरियसच्या ब्लॅक घराण्याचा गुलाम, म्हातारा, कुरकुऱ्या हाउस-एल्फ. आत्म्याचा एक तुकडा ठेवलेल्या लॉकेटवरचा पहारा पक्का आहे का हे पाहायला व्होल्डेमॉर्टनं त्याला गुहेत नेलं, विष पाजलं आणि मरायला सोडलं. पण धनी रेग्युलसनं, म्हणजे सिरियसच्या भावानं, "घरी परत ये" असं सांगितलं होतं, म्हणून तो आला. असल्या जिवालाही जादू येत असेल, हे व्होल्डेमॉर्टच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग रेग्युलस स्वतः त्याच्याबरोबर गेला, या खेपेला विष स्वतः प्यायला, लॉकेटच्या जागी खोटं ठेवायला लावून खरं क्रीचरच्या हवाली केलं आणि तिथेच बुडाला. हॅरी रेग्युलसचं खोटं लॉकेट क्रीचरला भेट देतो, तेव्हा तो हंबरडा फोडून रडतो. त्यानंतर घराचा कायापालट होतो. तांब्याची भांडी लख्ख, टेबलावर गरम सूप, आणि "आधी हात धुवा" असा प्रेमळ दम! शेवटच्या लढाईत तेच लॉकेट गळ्यात घालून क्रीचर एल्फांची फौज घेऊन उतरतो. चित्रपटात यातलं रेग्युलसचं नाव आणि दोनचार वाक्यं तेवढी आली.

शेवटही बिघडला आहे. पुस्तकात सगळ्यांच्या देखत व्होल्डेमॉर्टचं प्रेत साध्या माणसासारखं जमिनीवर पडतं. पडद्यावर त्याचे कपटे होऊन उडतात आणि ते पाहायला कुणी नसतं.

चित्रपटांनी काही ठिकाणी बाजी मारली आहे, तेही सांगायलाच हवं. हॅरीची मैत्रीण हर्मायनी आईवडिलांच्या आठवणींतून स्वतःला पुसते, हे पुस्तकात ओझरतं येतं. पडद्यावर फोटोंमधून ती नाहीशी होत जाते तेव्हा पोटात खड्डा पडतो. तीन भावांच्या गोष्टीचं अॅनिमेशन अप्रतिम आहे. अॅलन रिकमनचा स्नेप तर वाचतानाही डोळ्यांपुढे तोच येतो.

भाचीला म्हटलं, पहिली दोन तूर्त राहू दे, तिसऱ्यापासून वाच. वेळ अगदीच कमी असेल तर पाचवं, सहावं आणि सातवं. चित्रपट न पाहिलेल्या लहानग्यांना मात्र पहिल्यापासून पुस्तकच द्या. मराठीत पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं आहे. काय चपखल शब्द शोधलाय! रोज रात्री एक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवा, चित्रपट नंतर.

भाची सध्या पाचव्यात आहे. त्या वॉर्डापर्यंत अजून पोचलेली नाही.