स्पेलिंग बी: यादी पाठ करून घ्यायची की शब्दांची मुळं शिकवायची? आमच्या घरचा अनुभव

मंडळाच्या कार्यक्रमात गेल्या महिन्यात दोन जणांनी मला हाच प्रश्न विचारला, दोघांचीही मुलं चौथी-पाचवीत, आणि जेवणाच्या रांगेत उभं राहून नीट सांगता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. स्पेलिंग बी म्हणजे स्टेजवर उभं राहून ऐकलेल्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग तोंडी सांगायची शाळकरी मुलांची स्पर्धा. आम्ही अमेरिकेत जर्सी सिटीत राहतो, जर्नल स्क्वेअरच्या बाजूला, दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मी फार्मसीत बहुतेक रात्रपाळीला असतो आणि बायको घरीच चार मुलं सांभाळते. मुलगी चौथीत असल्यापासून बी करतेय, आता सातवीत आहे. पहिली दोन वर्षं आम्ही फक्त यादी केली, त्यानंतर मुळांकडे वळलो. त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात असं म्हणायला हरकत नाही. अर्थात एकाच मुलीचा अनुभव आहे, तुमच्या मुलाचं वेगळं असू शकतं.

कोच हा तिसरा पर्याय मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. जुने स्पर्धक ऑनलाइन शिकवतात, चांगलं शिकवतात असं ऐकलंय, पण तासाचा दर ऐकून आम्ही तो विषय तिथेच थांबवला. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. हे लिखाण ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आहे.

त्याआधी एक गोष्ट, कारण आमच्यासारख्या वस्तीत हीच आधी आडवी येते. आधी शाळेची बी, मग विभागाची म्हणजे रिजनल, मग देशपातळीची नॅशनल, अशी वाट असते. त्यासाठी शाळेने नॅशनल बीकडे नावनोंदणी केलेली असावी लागते, ती नसेल तर मूल कितीही हुशार असो, त्या वाटेने पुढे जाता येत नाही. आमच्या शाळेने केली नव्हती. मी आणि अजून दोन पालक मिळून मुख्याध्यापिकांना भेटलो, त्यांना बिचाऱ्यांना माहितीच नव्हतं, पुढच्या वर्षी झालं. तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जाऊन विचारा, हिवाळ्यात शाळेची बी होऊन गेल्यावर विचारून उपयोग नाही. आणि आठवीनंतर भाग घेता येत नाही, म्हणजे हातात वर्षं मोजकीच असतात.

आता यादी. यादीचे फायदे खरे आहेत, ते मी नाकारत नाही. शाळेच्या पातळीला साडेचारशे शब्दांची यादी असते, त्याच्या वर चार हजार शब्दांची, तीन पायऱ्यांत लावलेली, आणि दोन्ही अधिकृतच असतात. काय करायचं ते स्पष्ट असतं, रोज वीस शब्द, रविवारी उजळणी, वहीत टिक करायची. थकून आलेल्या आईबापाला हे फार सोयीचं पडतं. मुलालाही आपण किती पुढे आलो ते दिसतं. शाळेची बी आमच्या मुलीने चौथीत आणि पाचवीत, दोन्ही वर्षं, निव्वळ यादीवर जिंकली. मूल आत्ताच सातवीत-आठवीत असेल आणि पहिल्यांदाच उतरत असेल, तर मी सुद्धा यादीच घ्या म्हणेन, कारण दुसऱ्या पद्धतीला मुरायला वेळ लागतो.

पण यादीत एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही आणि आमचा निर्णय तिच्यावरच झाला. यादी कुणीतरी वाचून दाखवावी लागते. आणि आमच्याकडे वाचणारा मी.

म्हणजे बघा, मी साताऱ्याच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस. आपल्याला बाराखडीची सवय, प्रत्येक स्वर स्वच्छ म्हणायचा. मी सेंटिपीड म्हणतो, डेमोक्रॅट म्हणतो, त्यातला इ आणि ओ तुम्हाला लख्ख ऐकू येतो. अमेरिकन माणूस म्हणतो साधारण सेंटपीड, डेमक्रॅट, मधला स्वर नुसता हलका अ होऊन जातो. इंग्रजीत त्याला श्वा म्हणतात आणि स्पेलिंग बीमधली निम्मी रडारड या श्वाचीच आहे असं माझं मत झालंय, कारण तो ए असू शकतो, ई असू शकतो, आय, ओ, यू काहीही असू शकतो, कानाला सगळे सारखेच. मी रोज रात्री ड्युटीवर जाण्याआधी शब्द वाचायचो आणि नकळत उत्तरच सांगत होतो. मुलगी बरोबर सांगायची, मी खूष, ती पण खूष.

पाचवीत ती शाळेची जिंकून रिजनलला गेली. तिसऱ्या फेरीत शब्द आला पिनिपेड. सील, वॉलरस असले कल्ल्यासारखे पाय असणारे प्राणी. यादीतला शब्द, माझ्याकडून किमान दहा वेळा विचारून झालेला. तिथल्या बाईंनी म्हटलं पिनपेड, आणि ते अगदी बरोबर होतं, तो उच्चार तसाच आहे. पोरीने पुन्हा म्हणायला सांगितलं, अर्थ विचारला, शब्द कुठल्या भाषेतला ते पण विचारलं. बाईंनी सांगितलं लॅटिन. ती गप्प उभी राहिली, कारण लॅटिन या उत्तराचं काय करायचं ते तिला आम्ही कधी शिकवलंच नव्हतं. मग पी-आय-एन-एन-ए म्हणाली आणि घंटी वाजली. आय पाहिजे होता. परत येताना गाडीत तिने मला एवढंच विचारलं, बाबा, तुम्ही हा शब्द वेगळा का म्हणत होता? मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री कामावर माझं लक्ष लागलं नाही हे खरं सांगतो.

कुणी म्हणेल, मग मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाच्या साइटवर स्पीकरचं बटण दाबा, उच्चार ऐकवा, यादी तशीच चालू ठेवा. आम्ही ते केलं पुढचे दोन महिने. माझ्या वाचण्यापेक्षा शंभर पटीने बरं आहे, आजही करतो, तुम्ही पहिल्या दिवसापासून करा. पण त्याने एवढंच कळलं की तिला स्वर ऐकू येत नाही, कारण तो कुणालाच ऐकू येत नाही. चार हजार शब्दांतला प्रत्येक श्वा पाठ करायचा तरी किती? आणि नॅशनलच्या वरच्या फेऱ्यांत तर यादी संपते आणि अख्खा शब्दकोश उघडा होतो, साडेचार लाखांच्या वर शब्द. आम्ही काही तिथे पोचलो नाही, पण रिजनलला सुद्धा शेवटी शेवटी यादीबाहेरचे शब्द यायला लागतात.

मुळांकडे मी वळलो ते शुद्धलेखनामुळे. आपल्या शाळेत आठवत असेल, जमीन दीर्घ आणि गणित ऱ्हस्व. बोलताना फरक कुणाला ऐकू येतो का? नाही येत. आमचे गुरुजी सांगायचे की शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय का बघा, आला असेल तर मुळाप्रमाणे, मंदिर, गणित, विष. नाहीतर शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी दीर्घ, जमीन, वीट. म्हणजे कानाने नाही कळत, शब्दाचं घराणं कळलं की कळतं. हे मला एका रात्री काउंटरवर उभं असताना सुचलं आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून मुळांवरची दोन पुस्तकं आणली.

आणि खरंच तसंच आहे. लॅटिनचे दोन तुकडे जोडताना मधे बहुतेक वेळा आय येतो. सेंटिपीड, हर्बिव्होर, कार्निव्होर, पिनिपेड, सगळीकडे आय. ग्रीकचे जोडताना बहुतेक ओ. डेमोक्रॅट, फोटोग्राफ. २०२३ साली देव शाह ज्या शब्दावर नॅशनल जिंकला तो सॅमोफाइल, वाळूत राहायला आवडणारा जीव किंवा झाड, त्यात सुद्धा मधला स्वर हलका आणि अक्षर ओ, शिवाय सुरुवातीला न ऐकू येणारा पी, तोही ग्रीकच. अपवाद आहेत, भरपूर आहेत, पण निदान अंदाज कशाच्या जोरावर करायचा ते हातात येतं. ज्या मुलीला सेंटिपीड येत होतं तिला पिनिपेड यायलाच पाहिजे होतं, दोन्हीत तोच पाय आहे, पेड म्हणजे पाय, आणि पाय जोडणारा तोच आय. यादीत हे दोन शब्द कित्येक पानं लांब होते म्हणून ते एकाच घरातले आहेत हे आम्हाला दोन वर्षांत दिसलंच नाही.

दुसरा फरक असा की स्टेजवर प्रश्न विचारता येतात आणि मुळं येणाऱ्या मुलाला त्या प्रश्नांचा उपयोग होतो. भाषा कुठली, अर्थ काय, अमुक अर्थाचं ग्रीक मूळ आहे का यात, असं सुद्धा विचारता येतं. २०२१ ला झाइला अवान्त-गार्द नॅशनल जिंकली, लुइझियानाची मुलगी, तिचा शेवटचा शब्द मरेया, एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून पडलेला, तिथे लॅटिन-ग्रीक काही कामाचं नाही. तिने तरी विचारलंच की यात मरे हे नाव आहे का. मी तो तुकडा मुलीला कितीतरी वेळा दाखवलाय. शिवाय आता अर्थ विचारण्याची फेरी पण असते, तिथे नुसती अक्षरं पाठ असून भागत नाही.

मुळांचे तोटे पण सांगतो. पहिले सहा महिने काहीच प्रगती दिसत नाही, वहीत टिक करायला काही नसतं आणि घरात चिडचिड होते. सहावीच्या शाळेच्या बीला तर ती एका सोप्या शब्दावर अडखळली आणि जेमतेम वाचली, कारण यादी मागे पडली होती. फ्रेंच शब्दांना मुळांपेक्षा अक्षरांच्या लकबी जास्त कामाला येतात. आणि जपानी, हवाईयन वगैरे शब्द पाठ करण्याशिवाय इलाज नाही, निदान आम्हाला तरी सापडला नाही. त्यामुळे यादी पूर्ण सोडा असं मी म्हणत नाहीये. आम्ही आता आठवड्यातले चार दिवस मुळं आणि दोन दिवस यादी करतो, आणि यादी करताना वाचतो तो शब्दकोशातला आवाज, मी नाही.

कुणी विचारेल की निकाल काय. गेल्या वर्षी रिजनलला शेवटपर्यंत टिकलेल्या पाचांत होती. दोन शब्द असे बरोबर सांगितले की जे तिने आयुष्यात आधी ऐकले नव्हते, दोन्ही वेळा भाषा विचारून, थोडं थांबून. ते थांबणं बघताना पाचवीचं थांबणं आठवलं. तेव्हा ती अडकली होती, आता विचार करत होती, एवढा फरक मला खाली खुर्चीत बसून दिसला.

माइकची भीती घालवायला मात्र दोन्ही पद्धती कमी पडतात. त्यासाठी नॉर्थ साउथ फाउंडेशनच्या स्पर्धांना घाला असं सांगेन, भारतीय मुलांच्या असतात, १९९३ पासून स्पेलिंगच्या चालू आहेत, फी भरावी लागते पण त्यांचं मूळ काम भारतातल्या गरजू मुलांच्या कॉलेजला स्कॉलरशिप देण्याचं आहे. नॅशनल जिंकलेली बरीच आपली मुलं आधी तिथे उभी राहिलेली आहेत. २०१९ ला आठ जण एकत्र जिंकले त्यात सोहम सुखटणकर हे आडनाव वाचून आमच्या घरी जो आनंद झाला होता तो अजून आठवतो, मुलगी तेव्हा बी म्हणजे काय हे कळायच्या पण वयाची नव्हती.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर मूल ज्या शब्दांना आधीच ओळखतं त्यांच्यापासून करा, नवीन शब्द नको. आम्ही मंगूस या इंग्रजी शब्दापासून केली. शब्दकोशात बघितलं तर भाषा मराठी लिहिलेली. तिने मोठ्याने वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, मुंगूस कसं म्हणायचं, तू म्हण, बाबा नको, आणि मग माझ्याकडून पण एकदा म्हणवून घेतलं, कारण हा शब्द बाबांचा उच्चार बरोबर असलेला होता.