लघवीच्या नळीला आलेली पिशवी: दर वेळी गोळ्या की एकदाच ऑपरेशन?

यवतमाळकडच्या आमच्या मामी कापूस वेचायला जाताना जुन्या कापडाची घडी घेऊनच निघायच्या. लघवी करून उठलं की दोन पावलांवर पुन्हा थेंब गळायचे. जळजळ वाढली की पाच दिवसांच्या गोळ्या, अन् महिन्याभरात पुन्हा तेच.

गोळ्या स्वस्त, मजुरीही बुडत नाही. पण त्या फक्त जंतू मारतात. लघवीच्या नळीला लागून झालेली पिशवी तशीच राहते, तिच्यात लघवी साचते, पू होतो. योनीच्या पुढच्या भिंतीला दुखरी गाठ लागली, तर संशय घ्यायलाच हवा. साध्या सोनोग्राफीत ती सुटू शकते. एमआरआयमध्ये तिचा आकार, नळीभोवतीचा पसारा नीट दिसतो.

‘पिशवी काढायची’ म्हटलं की आपल्याकडे बायांना गर्भपिशवीच वाटते. मामी त्यामुळेच वर्षभर घाबरल्या. गर्भपिशवीला इथे हातही लागत नाही. ऑपरेशन योनीमार्गातून होतं, पिशवी काढून एकावर एक थर शिवतात. कॅथेटर (लघवी बाहेर काढायला आत घातलेली नळी) मात्र दोन-तीन आठवडे राहू शकतो. खोकताना लघवी सुटणं, लघवीची नळी नि योनी यांच्यामध्ये छिद्र पडणं, पिशवी परत होणं, हे धोके आधीच विचारून घ्या.

पिशवी लहान नि त्रास नसेल तर तपासण्या करत थांबता येतं. मामींसारखे हाल असतील तर माझं मत ऑपरेशनच, वेचणी आटोपल्यावर, अशा ऑपरेशनचा हात बसलेल्या यूरोलॉजिस्टकडे (मूत्रविकार तज्ज्ञाकडे).